रक्ताचे नाते : सर फ्रँक वॉरेल

वेस्ट इंडीज नावाचा देश जगाच्या नकाशावर कितीही शोधला तरी सापडत नाही. कॅरिबियन समुद्रात दूरदूर विखुरलेली काही बेटे आणि दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील गयाना मिळून क्रिकेटच्या मैदानावर एक संघ उतरवतात, त्या संघाचे हे नाव आहे. बार्बाडोस आणि जमैका या दोन बेटांमध्येच हजार मैलांहून अधिक समुद्र पसरलेला आहे. प्रत्येक बेटाचा स्वभाव निराळा, अभिमान निराळा आणि शेजारच्या बेटाविषयीचा संशयही निराळा. त्यात भर पडली ती इतिहासाची. उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे वंशज, गुलामगिरी संपल्यानंतर करारबद्ध मजूर म्हणून भारतातून नेलेल्या कुटुंबांची मुलेबाळे आणि या सर्वांवर सत्ता गाजवणारा मूठभर गोरा मळेवाला वर्ग, असा तेथील समाज होता. क्रिकेटचा संघ या समाजाचाच आरसा होता. काळ्या खेळाडूने धावा कराव्यात, बळी घ्यावेत, प्रेक्षकांना रिझवावे. मात्र संघाचे नेतृत्व गोऱ्या माणसाकडेच असावे, हा तेथील अलिखित दंडक होता.

हा दंडक मोडून एका विखुरलेल्या संघाला एकजीव करणारे कर्णधार म्हणजे सर फ्रँक वॉरेल. त्यांच्या धावांचे आणि बळींचे आकडे क्रिकेटच्या ग्रंथांत नोंदलेले आहेतच. तथापि ज्या कारणासाठी त्यांचे चरित्र शाळेच्या स्मरणिकेत असावे, ते कारण आकड्यांच्या पलीकडचे आहे. माणसे जोडणे ही एक विद्या आहे, आणि ती उपेक्षेच्या शाळेतही शिकता येते, हे त्यांच्या आयुष्यातून दिसते.

फ्रँक मॉर्टिमर मॅग्लिन वॉरेल यांचा जन्म १ ऑगस्ट १९२४ रोजी बार्बाडोस बेटावरील सेंट मायकेल परगण्यात, बँक हॉल या वस्तीत झाला. योगायोग असा की एव्हर्टन वीक्स आणि क्लाइड वॉलकॉट हे आणखी दोन महान फलंदाज त्याच परिसरात पुढील दीड वर्षाच्या आत जन्मले. तिघांच्या आडनावांचे इंग्रजी आद्याक्षर एकच असल्यामुळे क्रिकेटजगत त्यांना 'थ्री डब्ल्यूज' म्हणून ओळखू लागले. बार्बाडोस हे बेट आकाराने आपल्याकडील एखाद्या तालुक्याएवढे. त्याच्या एका कोपऱ्यातून इतक्या थोड्या अवधीत तीन असे फलंदाज निपजावेत, हे क्रिकेटच्या इतिहासातील एक आश्चर्यच मानले जाते.

फ्रँकचे शिक्षण कॉम्बरमिअर शाळेत झाले. वेस्ट इंडीजकडून कोवळ्या वयात कसोटी खेळलेले डेरेक सीली तेथे शिक्षक होते, त्यामुळे क्रिकेटचे उत्तम संस्कार त्याला शाळेतच लाभले. मात्र त्याचे शालेय दिवस सर्वस्वी सुखाचे नव्हते. मोठ्या माणसांच्या सामन्यांत खेळणारा हा अबोल, कुशल मुलगा गर्विष्ठ आहे, असा समज काही जणांनी करून घेतला. एकदा बसलेला असा शिक्का सहजासहजी पुसला जात नाही. त्या वयात मिळालेल्या वागणुकीची सल मोठेपणीही त्यांच्या मनात राहिली आणि आपल्या आत्मवृत्तात त्यांनी तिची नोंद केली. ज्याला लोक घमेंडखोर समजत होते, तो खरे पाहता अतिशय संवेदनशील मुलगा होता.

क्रिकेटमध्ये त्यांचा प्रवेश झाला तो डावखुरा फिरकी गोलंदाज म्हणून. फलंदाजीत त्यांचा क्रम अगदी शेवटचा असे. दिवसअखेरीस प्रमुख फलंदाजाला वाचवण्यासाठी 'नाइट वॉचमन' म्हणून त्यांना पाठवण्यात आले, तेव्हा त्यांच्यातील फलंदाजाची ओळख पटली आणि त्यांचा क्रम वर सरकत गेला. गोलंदाजी डाव्या हाताने करणारे वॉरेल फलंदाजी मात्र उजव्या हाताने करीत. १९४३-४४ च्या हंगामात त्रिनिदादविरुद्ध त्यांनी नाबाद ३०८ धावा केल्या आणि जॉन गॉडार्ड यांच्यासमवेत चौथ्या गड्यासाठी ५०२ धावांची अभंग भागीदारी रचली. तेव्हा ते वीस वर्षांचेही नव्हते. दोन वर्षांनी त्याच त्रिनिदादविरुद्ध वॉलकॉट यांच्यासह त्यांनी चौथ्या गड्यासाठी ५७४ धावा जोडल्या; तो त्या वेळचा जागतिक विक्रम ठरला. हा विक्रम फार काळ टिकला नाही. मार्च १९४७ मध्ये बडोदे येथे रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात इंदूरच्या होळकर संघाविरुद्ध विजय हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागीदारी करून तो मोडला. वॉरेल यांचे नाव आणि भारतीय क्रिकेट यांची गाठ अशी समोरासमोर येण्यापूर्वीच पडली होती.

१९४७ मध्ये वॉरेल बार्बाडोस सोडून जमैकात राहावयास गेले. पुढील वर्षी इंग्लंडविरुद्ध पोर्ट ऑफ स्पेन येथे त्यांनी कसोटीत पदार्पण केले. पहिल्याच डावात शतकाला तीन धावा कमी असताना ते बाद झाले; पण लगेच पुढच्या कसोटीत त्यांनी नाबाद १३१ धावा काढल्या. त्याच वर्षी ते लँकेशायरमधील रॅडक्लिफ या गिरणगावच्या क्लबकडून व्यावसायिक खेळाडू म्हणून खेळू लागले. शनिवार-रविवारचे सामने आटोपले की आठवड्याचे इतर दिवस त्यांना मोकळे असत. ते त्यांनी वाया घालवले नाहीत. यथावकाश त्यांनी मँचेस्टर विद्यापीठात प्रवेश घेतला आणि तेथून पदवी संपादन केली. विद्यापीठातील अभ्यासासाठी १९५७-५८ आणि १९५८-५९ या दोन हंगामांत त्यांनी कसोटी क्रिकेटवरही पाणी सोडले. कारकिर्दीच्या ऐन भरात असा निर्णय घेणारे खेळाडू विरळाच.

१९४८-४९ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ प्रथमच भारतात आला, तेव्हा वॉरेल त्या संघात नव्हते. मानधनाच्या प्रश्नावर त्यांचे आणि नियामक मंडळाचे एकमत होऊ शकले नाही. आपल्या कष्टाचे योग्य मोल मागणारा काळा खेळाडू त्या काळी उद्धट ठरे. शाळेत बसलेला जुनाच शिक्का पुन्हा एकदा नव्याने बसला. भारतीय रसिकांना मात्र त्यांचा खेळ पाहण्यासाठी फार काळ थांबावे लागले नाही. पुढच्याच हंगामात ते राष्ट्रकुल संघातून भारतात आले आणि कानपूरच्या ग्रीन पार्कवर त्यांनी नाबाद २२३ धावांची देखणी खेळी केली. १९५०-५१ मध्ये ते या संघाचे उपकर्णधार म्हणून पुन्हा आले. कर्णधार लेस एम्स खेळू शकत नसत, तेव्हा संघाची सूत्रे वॉरेल यांच्या हाती येत. त्या संघात इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाचे गोरे खेळाडू होते आणि त्यांना एका काळ्या कर्णधाराच्या हाताखाली खेळण्यात काही कमीपणा वाटला नाही. हे घडत होते कानपूर, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा शहरांतून सामने खेळत फिरणाऱ्या संघात. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या एका देशात. स्वतःच्या बेटांनी त्यांच्यावर हा विश्वास टाकण्यास मात्र आणखी दहा वर्षे जावी लागली.

ती दहा वर्षे त्यांनी कशी घालवली, हे पाहण्याजोगे आहे. १९५० च्या इंग्लंड दौऱ्यात रामाधीन आणि व्हॅलेंटाइन या नवख्या फिरकी गोलंदाजांनी लॉर्ड्सवर इतिहास घडवला आणि वेस्ट इंडीजने मालिका ३-१ अशी जिंकली. त्या मालिकेत वॉरेल यांनी ५३९ धावा केल्या. ट्रेंट ब्रिजवरील त्यांची २६१ धावांची खेळी अनेक जाणकारांच्या मते सौंदर्याचा कळस होती. ते चेंडूवर तुटून पडत नसत. तो जणू समजुतीने सीमापार धाडीत. गोलंदाज म्हणूनही ते संघाच्या पाठीशी उभे राहिले. १९५१ मध्ये ॲडलेडला त्यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले. १९५३ मध्ये विजय हजारे यांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघ वेस्ट इंडीजमध्ये गेला असता किंग्स्टनच्या कसोटीत वॉरेल यांनी २३७ धावा केल्या. त्याच डावात वीक्स आणि वॉलकॉट यांनीही शतके झळकावली. तिन्ही 'डब्ल्यू' एकाच डावात शतकवीर ठरल्यावर समोर उभे राहणे किती कठीण असेल! तरीही सुभाष गुप्ते यांनी त्या डावात पाच बळी मिळवले, याची आठवण भारतीय रसिकांनी अवश्य ठेवावी. १९५७ मध्ये ट्रेंट ब्रिजवर सलामीला जाऊन वॉरेल अखेरपर्यंत नाबाद राहिले. त्यांच्या धावा होत्या १९१.

त्या १९५७ च्या दौऱ्यावर संघाचे कर्णधार होते जॉन गॉडार्ड, म्हणजे वॉरेल यांच्यासमवेत पाचशे धावांची भागीदारी करणारेच. त्यांचा उमेदीचा काळ सरला होता, तरी नेतृत्वासाठी त्यांना परत बोलावण्यात आले. वेस्ट इंडीजने ती मालिका ३-० अशी गमावली. त्यापूर्वी स्टॉलमेयर आणि ॲटकिन्सन हे कर्णधार होऊन गेले होते. गॉडार्ड यांच्यानंतर यष्टिरक्षक गेरी अलेक्झांडर यांची निवड झाली. त्यांच्या नावावर तोपर्यंत जेमतेम दोन कसोटी सामने जमा होते. हे सर्व जण गोरे होते. जॉर्ज हेडली यांच्यासारख्या थोर काळ्या फलंदाजाकडेही १९४८ मध्ये एकाच कसोटीपुरते नेतृत्व आले होते. वॉरेल शिक्षणासाठी दोन हंगाम दूर होते हे खरे. परंतु १९५९-६० मध्ये ते परतल्यावरही इंग्लंडविरुद्ध संघाची धुरा अलेक्झांडर यांच्याकडेच राहिली. वॉरेल यांनी जाहीर तक्रार केली नाही. ब्रिजटाउन येथे त्यांनी गारफिल्ड सोबर्स यांच्या साथीत चौथ्या गड्यासाठी ३९९ धावा जोडल्या आणि स्वतः १९७ धावांवर नाबाद राहिले.

त्यांच्या वतीने बोलणारी लेखणी मात्र तोवर परजली गेली होती. त्रिनिदादचे विचारवंत सी. एल. आर. जेम्स यांनी आपल्या 'द नेशन' या पत्रातून वॉरेल यांना कर्णधार करावे म्हणून मोहीम उघडली. हा केवळ क्रिकेटचा प्रश्न नाही, स्वराज्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या समाजाच्या आत्मसन्मानाचा प्रश्न आहे, अशी त्यांची भूमिका होती. त्याच हंगामात पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत एका धावचीत निर्णयानंतर प्रेक्षकांनी मैदानावर बाटल्या फेकल्या आणि खेळ बंद पडला. त्या उद्रेकामागे वर्षानुवर्षे साचलेला असंतोष आहे, असे जेम्स यांनी मांडले. अखेर १९६०-६१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी फ्रँक वॉरेल यांची कर्णधारपदी नेमणूक झाली. संपूर्ण मालिकेसाठी नेमले गेलेले ते वेस्ट इंडीजचे पहिले काळे कर्णधार. त्या वेळी ते छत्तीस वर्षांचे होते.

इतक्या उशिरा मिळालेली सत्ता माणसाला कडवट करू शकते. वॉरेल यांचे तसे झाले नाही. ज्यांना बाजूला करून ते कर्णधार झाले, ते अलेक्झांडर उपकर्णधार म्हणून संघात राहिले, त्यांनी यष्टिरक्षण सांभाळले आणि त्या मालिकेत फलंदाजीच्या सरासरीत ते संघात सर्वांच्या पुढे राहिले. आपल्या आयुष्यातील प्रथम श्रेणीचे एकमेव शतकही त्यांनी याच दौऱ्यात, सिडनीला झळकावले. पदच्युत झालेल्या माणसाने नव्या कर्णधाराच्या हाताखाली आपला सर्वोत्तम खेळ करावा, यात अलेक्झांडर यांचा मोठेपणा आहेच. पण तो फुलू देणाऱ्या कर्णधाराचाही आहे.

९ डिसेंबर १९६० रोजी ब्रिस्बेनला पहिली कसोटी सुरू झाली. सोबर्स यांनी १३२ धावांची झळाळती खेळी केली. वॉरेल यांनी दोन्ही डावांत प्रत्येकी ६५ धावा केल्या. अखेरच्या दिवशी ऑस्ट्रेलियाला विजयासाठी २३३ धावा हव्या होत्या. त्यांचे सहा गडी ९२ धावांत बाद झाले. परंतु ॲलन डेव्हिडसन आणि रिची बेनॉ यांनी १३४ धावांची भागीदारी करून सामना फिरवला. त्या काळी ऑस्ट्रेलियात षटक आठ चेंडूंचे असे. शेवटच्या षटकात सहा धावा हव्या होत्या आणि तीन गडी शिल्लक होते. वेस हॉल यांनी टाकलेल्या दुसऱ्या चेंडूवर बेनॉ यांचा झेल अलेक्झांडर यांनी घेतला. सहाव्या चेंडूवर विजयाची धाव घेऊ पाहणाऱ्या ग्राउट यांना कॉनरॅड हंट यांच्या सीमारेषेजवळून आलेल्या अचूक फेकीने धावचीत केले. धावसंख्या समसमान झाली होती आणि अखेरची जोडी मैदानात होती. हॉल यांना वॉरेल यांनी शांतपणे एकच सूचना केली, ती म्हणजे नोबॉल टाकू नये. सातवा चेंडू स्क्वेअर लेगकडे गेला, फलंदाज धावले, आणि जो सॉलोमन यांनी बाजूने दिसणाऱ्या एकाच यष्टीचा वेध घेतला. कसोटी क्रिकेटच्या इतिहासातील पहिला बरोबरीचा सामना घडला.

त्या एका षटकात टिपलेले तीन बळी कोणाचे, हे पाहिले म्हणजे वॉरेल यांच्या कार्याचा अर्थ उमगतो. अलेक्झांडर जमैकाचे गोरे, हंट बार्बाडोसचे काळे आणि सॉलोमन गयानाचे, भारतीय वंशाचे. पूर्वी ज्यांची बेटे वेगळी, वर्ण वेगळे आणि पूर्वजांनी भोगलेली दुःखेही वेगळी, अशी माणसे कमालीच्या ताणातही एकमेकांच्या विश्वासावर उभी राहिली. वेस्ट इंडीजचे खेळाडू कौशल्यवान आहेत, पण संकटात गडबडून जातात, असा एक समज तोवर रूढ होता. ब्रिस्बेनच्या त्या संध्याकाळी तो कायमचा पुसला गेला.

पुढे ॲडलेडच्या कसोटीत शेवटचा गडी बाद झाला असे समजून वेस्ट इंडीजचे खेळाडू तंबूकडे निघाले, तोच पंचांनी केन मॅके नाबाद असल्याचा निर्णय दिला. मॅके आणि क्लाइन ही अखेरची जोडी मग दीड तासाहून अधिक काळ टिकून राहिली आणि हाती आलेला विजय निसटला. वॉरेल यांनी पंचांविरुद्ध शब्द काढला नाही आणि सहकाऱ्यांनाही काढू दिला नाही. मेलबर्नची अखेरची कसोटी दोन गड्यांनी गमावून वेस्ट इंडीजने मालिका २-१ अशी गमावली. पारितोषिक समारंभात वॉरेल यांनी बेनॉ यांना आपली टोपी, टाय आणि कोट भेट दिला आणि शरीराचा वरचा भाग आपल्या स्वाधीन केला आहे, खालचा देण्यात अर्थ नाही, कारण या वयात गुडघे कामाचे उरलेले नाहीत, अशा आशयाचा विनोद करून सभा हसवली. पराभूत संघाला निरोप देण्यासाठी मेलबर्नच्या रस्त्यांवर लाखो लोक जमले होते. दोन्ही देशांतील कसोटी मालिकेच्या चषकाला 'फ्रँक वॉरेल चषक' हे नाव तेव्हाच मिळाले. त्यात ब्रिस्बेनच्या बरोबरीच्या सामन्यातील चेंडू बसवलेला आहे.

एक वर्षानंतर, १९६२ च्या प्रारंभी, नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ वेस्ट इंडीजला गेला. इंग्लंडला प्रथमच मालिकेत नमवून आलेला हा संघ होता. मार्च महिन्यात बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला. शिरस्त्राणाचा जमाना अद्याप दूर होता. कवटीला गंभीर इजा झाली, तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली आणि रक्ताची गरज निर्माण झाली. तेव्हा रक्त देण्यासाठी पुढे आलेल्यांत प्रतिस्पर्धी संघाचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते. सोलापुरात जन्मलेले पॉली उम्रीगर, पुण्याचे चंदू बोर्डे, नाशिकचे बापू नाडकर्णी आणि पत्रकार के. एन. प्रभू यांनीही रक्त दिले. कॉन्ट्रॅक्टर यांचे प्राण वाचले. मायदेशी परतल्यावर वेल्लोरच्या रुग्णालयात त्यांच्या कवटीत धातूची पट्टी बसवण्यात आली. पुन्हा कसोटी खेळणे त्यांच्या नशिबी नव्हते. पण पुढे कित्येक दशकांचे आयुष्य त्यांना लाभले.

या प्रसंगाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. त्या दुखापतीनंतर अवघा एकवीस वर्षांचा पतौडी भारताचा कर्णधार झाला आणि वेस्ट इंडीजने ती मालिका ५-० अशी जिंकली. मैदानावर वॉरेल यांनी दयामाया दाखवली नाही. शेवटच्या कसोटीत ते स्वतः ९८ धावांवर नाबाद राहिले. खेळात कसूर करणे हा प्रतिस्पर्ध्याचा अपमान आहे, हे ते जाणत होते. परंतु सीमारेषेच्या बाहेर प्रतिस्पर्धी हा प्रथम माणूस आहे, हेही त्यांना तितकेच ठाऊक होते. ज्याच्या समाजाला रक्ताच्या आणि वर्णाच्या नावाखाली शतकानुशतके हीन लेखले गेले, त्याने आपले रक्त परदेशी, परधर्मी, परवर्णी माणसाला सहज देऊन टाकले. भेदाचे जे निमित्त होते, त्याचेच त्यांनी नाते केले.

त्याच वर्षी, मे महिन्याच्या अखेरीस, ब्रिटिश वसाहतींचे वेस्ट इंडीज संघराज्य अवघ्या चार वर्षांत मोडले. राजकीय नेत्यांना जे ऐक्य टिकवता आले नाही, ते क्रिकेटच्या संघात टिकून राहिले. १९६३ मध्ये वॉरेल यांनी इंग्लंडमध्ये ३-१ असा विजय मिळवला. लॉर्ड्सच्या कसोटीत शेवटच्या षटकात चारही निकाल शक्य होते. एक चोरटी धाव घेऊ पाहणाऱ्या शॅकलटन यांना बाद करण्यासाठी चेंडू फेकण्याचा धोका न पत्करता अडतीस वर्षांचे वॉरेल चेंडू हातात घेऊन स्वतः यष्टीपर्यंत धावत गेले आणि ती शर्यत त्यांनी जिंकली. सामना अनिर्णित राहिला. अशा अटीतटीच्या क्षणांचा हा नायक फलंदाजीला जाण्यापूर्वी तंबूत निवांत डुलकी घेण्याबद्दलही प्रसिद्ध होता.

त्या मालिकेनंतर त्यांनी कसोटी क्रिकेटचा निरोप घेतला. ५१ कसोटी, ३८६० धावा, ९ शतके आणि ६९ बळी. कर्णधार म्हणून १५ सामन्यांत ९ विजय, असा त्यांचा हिशेब आहे. १९६४ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. आपल्यामागे नेतृत्व सोबर्स यांच्याकडे जावे, अशी त्यांची इच्छा होती आणि तसेच झाले. १९६४-६५ च्या हंगामात वॉरेल व्यवस्थापक असताना सोबर्स यांच्या संघाने ऑस्ट्रेलियाला प्रथमच मालिकेत हरवले. फ्रँक वॉरेल चषक त्याच्या नावाच्या धन्यासमोरच त्याच्या संघाने जिंकला.

निवृत्तीनंतरचे त्यांचे जीवन शाळेशी आणि विद्यार्थ्यांशी निगडित असलेल्या प्रत्येकाने ध्यानी घ्यावे असे आहे. त्यांना जमैकाच्या सिनेटचे सदस्यत्व मिळाले; पण त्यांचे मन रमले ते विद्यापीठात. वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या मोना येथील वसतिगृहाचे ते प्रमुख होते आणि पुढे विद्यार्थ्यांच्या कल्याणाची मोठी जबाबदारी त्यांनी सांभाळली. निरनिराळ्या बेटांवरून आलेली तरुण मुले तेथे प्रथमच एका छपराखाली राहत होती. त्यांचे आपसातील गैरसमज, घरची ओढ, परीक्षेची भीती हे सर्व त्यांच्या कानी येई. ज्या मुलाला कधीकाळी गर्विष्ठ ठरवून बाजूला सारले होते, तोच आता शेकडो मुलांचा पालक झाला होता. मुलाच्या अबोलपणाला अहंकार म्हणण्याची घाई करू नये, हा धडा त्यांना कोणी पुस्तकातून शिकवण्याची आवश्यकता नव्हती.

१९६६-६७ मध्ये वेस्ट इंडीजच्या संघासमवेत ते पुन्हा भारतात आले. याच दौऱ्यात त्यांची प्रकृती ढासळली आणि त्यांना रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. पाच वर्षांपूर्वी ज्याने आपले रक्त दुसऱ्याला दिले होते, त्याला त्याच्याच रक्ताने दगा दिला. १३ मार्च १९६७ रोजी किंग्स्टन येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे बेचाळीस वर्षांचे होते. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थनासभा झाली. हा मान मिळवणारे ते पहिले खेळाडू. त्यांचा देह बार्बाडोसमधील केव्ह हिल येथे, विद्यापीठाच्या आवारात विसावला आहे. पुढे वॉलकॉट आणि वीक्स यांनाही त्याच भूमीत चिरविश्रांती लाभली. एका वस्तीत जन्मलेले तिघे मित्र एकाच टेकडीवर, शिकत्या मुलांच्या सहवासात परत एकत्र आले. बार्बाडोसच्या पाच डॉलरच्या नोटेवर वॉरेल यांचे चित्र आहे.

भारतानेही हे ऋण विस्मृतीत जाऊ दिले नाही. १९८१ पासून दरवर्षी ३ फेब्रुवारी हा दिवस बंगालच्या क्रिकेट संघटनेतर्फे 'फ्रँक वॉरेल दिन' म्हणून पाळला जातो आणि कोलकात्यात रक्तदान शिबिर भरते. तेथे रांगेत उभ्या राहणाऱ्या तरुणांपैकी कोणीही त्यांना खेळताना पाहिलेले नाही. अनेकांना बार्बाडोस नेमके कोठे आहे, हेही सांगता येणार नाही. तरीही त्या दिवशी गोळा झालेले रक्त बाटलीवर केवळ गट लिहून रुग्णालयात पोहोचते. ते कोणत्या बेटाचे, कोणत्या वर्णाचे, कोणत्या भाषेचे, असे घेणारा विचारत नाही.